नाथसागर पाखरांचा, आणि पोटाचाही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. मासेमारीचं नाव काढलं की सगळ्यांना कोकण आठवतं. आपला जिल्हा म्हटला की ऊस, कांदा, दूध आणि साखर कारखाने. पण राहुरीचं मुळा धरण घ्या, अकोले तालुक्यातलं भंडारदरा घ्या, कर्जतच्या कडेला आलेला उजनीचा फुगवटा घ्या, नाहीतर शेवगाव-नेवाशाला लागून पसरलेला नाथसागर घ्या. या प्रत्येक पाण्यावर पोट भरणारी घरं आहेत. भोई आहेत, कहार आहेत, कोळी आहेत, भिल्ल आहेत. पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून माणूस पाण्यात जातो आणि ऊन वर यायच्या आत बाई पाटी घेऊन बाजाराला निघते.

आम्ही बोलतोय त्या नाथसागराच्या काठच्या बायका. आमच्यातल्या काहींच्या घरी जाळं आहे, काहींच्या घरी गाळपेराची शेती आहे, काही जणी आठवडी बाजारात मासळी विकतात. आज आम्हाला एका प्रश्नावर बोलायचं आहे. हा प्रश्न आमच्याकडे नेहमी वादाच्या सुरात येतो. पाखरं राखायची, की पोट राखायचं? एक बाजू म्हणते, हे अभयारण्य आहे, इथे जाळं कशाला? दुसरी बाजू म्हणते, पाखरांचे एवढे लाड, मग आमच्या लेकरांनी काय खायचं? आम्हाला वाटतं, प्रश्न असा टाकला की उत्तर सापडतच नाही. म्हणून तो जरा नीट उलगडून पाहू.

आधी हे पाणी आलं कुठून ते सांगतो, कारण नव्या मुलींना ते माहीत नसतं. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. धरण पैठणला, पण पाणी मागे पसरलं ते थेट आपल्या जिल्ह्यात. गोदावरी आणि प्रवरा जिथे भेटतात त्या प्रवरासंगमापर्यंत फुगवटा आला. नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली, गावं उठली. जलाशयाला संत एकनाथांवरून नाथसागर असं नाव मिळालं. तो भरला की सुमारे १०२ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याला न मिळणारं, तळात राहणारं पाणी.

या मोठ्या पाण्याची एक खासियत आहे. ते पसरट आहे आणि बऱ्याच ठिकाणी उथळ आहे. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू मागे सरकतं, तसा काठाला चिखल उघडा पडतो आणि मधेच बेटं वर येतात. त्या चिखलात किडे, शंख, पाणवनस्पती, शेवाळ असं सगळं खाणं असतं. म्हणूनच हिवाळ्यात इथे पाखरं उतरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस येतात, चक्रवाक येतात, तलवार बदकं आणि थापट्या बदकं येतात, रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे येतात. १९८६ साली शासनानं सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. आपला जिल्हा आणि आजचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा, दोन्हीकडचं पाणी त्यात आलं.

आता लक्षात घ्या, धरण १९७६ चं आणि अभयारण्य १९८६ चं. मधल्या दहा वर्षांत ज्यांची नदी गेली त्या भोई-कहारांनी जाळी धरणात आणली होती. नदीत मासे धरणं वेगळं आणि समुद्रासारख्या पसरलेल्या पाण्यात वेगळं. ते नव्यानं शिकावं लागलं. म्हणजे इथली मासेमारी ही चोरून शिरलेली गोष्ट नाही. पाणी आलं तेव्हापासून ती आहे, आणि अभयारण्य तिच्यानंतर आलं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याप्रमाणे अभयारण्यातून कुठलाही जीव परवानगीशिवाय काढता येत नाही. हा भाग सगळ्यांना ऐकून माहीत असतो, कारण बंदीची बातमी लवकर पोचते. पण त्याच कायद्यात दुसरा भागही आहे. अभयारण्य करताना तिथल्या लोकांचे आधीचे हक्क काय आहेत त्याची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करायची, दावे ऐकायचे, आणि वनाधिकाऱ्यांशी बोलून काही हक्क अभयारण्याच्या आतही चालू ठेवता येतात. म्हणजे कायद्यानं माणसाला सरळ बाहेर काढलेलं नाही, त्याचं ऐकून घ्या असंही सांगितलं आहे. हा दुसरा भाग आपल्या बायकांना माहीत असायला हवा.

आता पाखरांकडे वळू. पाखरं आमचे मासे खातात, अशी तक्रार काठावर ऐकू येते. ती किती खरी? पाण्यावर दिसणारी सगळी पाखरं मासे खात नाहीत. हंस गवत आणि कोवळी पिकं खातो. बदकं पाणवनस्पती, बिया, किडे खातात. रोहित पक्षी वाकडी चोच उलटी धरून चिखलाचं पाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळ व बारीक जीव खातो. मासे खाणारे म्हणजे पाणकावळे, बगळे, सुरय, खंड्या आणि मीनखाई घार. तेही बहुतेक वेळा लहान मासा उचलतात, ज्याला बाजारात भाव नसतो. शिवाय हजारो पाखरांची विष्ठा पाण्यात पडते, ती पाण्याला खत होते. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर कटला-रोहूचं पोट भरतं. जाळं टाकणाऱ्या जुन्या माणसांना हे पुस्तक न वाचता माहीत असतं. पाखरं कुठे बसलीत ते बघून ते पाणी ओळखतात. पाखरं आणि मच्छीमार हे एकाच ताटातले जेवणारे आहेत. ताटच रिकामं झालं तर दोघंही उपाशी.

मग ताट रिकामं कशानं होतं?

पहिलं कारण बारीक आसाचं जाळं. आस म्हणजे जाळ्याचं भोक. मोठ्या आसाचं जाळं मोठा मासा धरतं, लहानाला सोडून देतं. बारीक आसाचं जाळं सगळंच ओढून काढतं. उजनीच्या काठावर वडाप म्हणतात ती जाळी अशीच, तळापासून सगळं खरवडून आणणारी. त्यात बोटभर कटला येतो, रोहूची पिल्लं येतात, अंडी घालायच्या वयाला न आलेला मासा येतो.

इथे जरा हिशेब करू, आपण बायका हिशेबाला पक्क्या असतो. शंभर ग्रॅमचा कटला धरला तर दहा किलोच्या पाटीत शंभर मासे बसतात. हाच मासा पाण्यात राहिला आणि त्याला चांगलं खाणं मिळालं तर वर्षभरात किलोच्या आसपास जातो. समजा त्या शंभरांतले निम्मे मेले, कुणी पाखरांनी नेले, कुणी मोठ्या माशांनी खाल्ले. तरी पन्नास मासे उरले, म्हणजे पन्नास किलो. आज दहा किलो की वर्षानं पन्नास किलो? लहान माशाला दरही कमीच मिळतो. मरळीची गोष्ट आणखी वेगळी. मरळीचं जोडपं आपल्या पिल्लांना राखत फिरतं. पिल्लांचा थवा दिसला म्हणून कुणी त्या वेळी मरळ धरली, तर मागचं सगळं गोकुळ जातं.

रोहू, कटला, मृगळ यांची आणखी एक अडचण आहे. हे मूळचे नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला, पाणी वाहतं झालं की ते अंडी घालतात. धरणाच्या उभ्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. किलोभर वजनाची रोहूची मादी दोन लाखांच्या आसपास अंडी देते, पण तिला वाहतं पाणी हवं. म्हणून धरणांत बाहेरून बीज सोडावं लागतं. आधी मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटाएवढी बोटुकली. बोटुकली सोडली तर जगते जास्त, जिरे सोडले तर बरेचसे दुसऱ्यांच्या पोटात जातात. पावसाळ्यात फुगवट्याच्या वरच्या अंगाला, जिथे प्रवरेचं आणि गोदेचं नवं पाणी येतं, तिथे मासा अंडी घालायला चढतो. नेमकं तिथेच त्या दिवसांत जाळं लावणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत शिरणं.

दुसरं कारण टाकून दिलेली जाळी. नायलॉनचं जाळं कुजत नाही. फाटलं, अडकलं, तुटलं की ते पाण्यातच राहतं आणि धरत राहतं. त्यात मासा मरतो, कासव मरतं, बुडी मारणारं पाखरू मरतं. त्याचा उपयोग कुणालाच नाही, धन्यालाही नाही.

तिसरं कारण घाण आणि औषधं. पाणी मागे गेलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. गाळपेर करणारी घरं काही श्रीमंत नाहीत, त्यांचंही पोट त्यावर आहे. पण तिथे मारलेलं कीटकनाशक पुढच्या पावसात सरळ जलाशयात उतरतं. वरच्या शहरांचं सांडपाणी नदीतून येतं, जलपर्णी वाढते आणि माशाला पाण्यात श्वास घ्यायला हवा कमी पडते.

चौथं कारण खुद्द पाणी. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यावर आला होता. नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं यावर दर दुष्काळी वर्षी भांडण होतं. शेतीला किती, कारखान्याला किती, शहराला किती, हे सगळं मोजलं जातं. माशाला किती आणि पाखराला किती, हे त्या कागदावर कुणी लिहीत नाही.

या चार कारणांपैकी मच्छीमाराच्या हातात पहिली दोन आहेत, तिसरं अर्धंमुर्धं काठावरच्या गावाच्या हातात आहे आणि चौथं फार वर बसलेल्यांच्या हातात आहे. पण बंदी, तपासणी, जाळी जप्त करणं हे सगळं पहिल्याच कारणावर येऊन थांबतं. थर्माकोलच्या तराफ्यावरचा माणूस सगळ्यांना दिसतो. नदीत मिसळणारं सांडपाणी तसं कुणाला पकडता येत नाही.

आणि बारीक जाळं माणूस का टाकतो, तेही बोलायला हवं. कुणालाच उद्याचं बियाणं आज खायची हौस नसते. जाळं घ्यायला उचल घेतलेली असते, मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यायची असते, दर तोच ठरवतो. मुलाची फी भरायची असते. शेजारच्यानं वडाप लावलं आणि आपण मोठ्या आसाचं घेऊन बसलो, तर आपल्या वाट्याला काय उरणार ही भीती असते. म्हणजे एकट्यानं नियम पाळून भागत नाही, सगळ्यांनी मिळून पाळला तरच तो परवडतो. आणि सगळ्यांनी मिळून पाळायचा असेल तर तो सगळ्यांनी मिळून ठरवलेला असावा लागतो.

समुद्रावर याच गोष्टी कशा झाल्या ते पाहण्यासारखं आहे. सिंधुदुर्गात मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं चालला. समुद्र राखायला त्यांचा विरोध नव्हता. उलट बारीक जाळ्यांनी समुद्र खरवडणाऱ्या मोठ्या बोटींविरुद्ध तेच आधीपासून भांडत होते. आपल्या पाण्याचं काय होणार ते आपल्याला न विचारता ठरलं, ही त्यांची भीती होती.

मग दुसरी गोष्ट बघा. कासव किंवा देवमासाएवढा बहिरी मासा जाळ्यात सापडला तर काय व्हायचं? कायद्यानं तो मारता येत नाही. सोडायचा तर जाळं कापावं लागतं आणि जाळं म्हणजे हजारोंचा खर्च. २०१८ च्या शेवटी शासनाच्या कांदळवन कक्षानं आणि मत्स्यव्यवसाय विभागानं योजना आणली. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. अट एवढीच, सोडवतानाचे फोटो आणि पुरावा द्यायचा. त्यानंतर किनाऱ्यावरचे मच्छीमार कासवं, बहिरी मासे सोडवून पुढे येऊ लागले. जीव आधीही त्यांना मारायचा नव्हता. फक्त त्याचा खर्च एकट्या त्यांच्या डोक्यावर होता, तो सगळ्या समाजानं उचलला.

समुद्रावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. माशांचा तो अंडी घालायचा काळ. २०२३ साली आपल्या राज्यानं ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचं नाही, विकायचं नाही. साडेतेरा सेंटिमीटर म्हणजे साधारण आपल्या वितीपेक्षा थोडं कमी. हा नियम नुसता धरणाऱ्याला नाही, विकणाऱ्यालाही आहे. म्हणजे बाजारातल्या बाईच्या हातातही काही आहे.

आणि आपल्या जवळचंच उदाहरण भिगवणचं. उजनीच्या ज्या पाण्याची कड आपल्या कर्जत तालुक्याला लागते, त्याच पाण्याच्या पुणे जिल्ह्यातल्या काठावर कुंभारगाव-भिगवणचे मच्छीमार हिवाळ्यात पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात. पाखरं राहिली तर होडीला भाडं, असा सरळ व्यवहार तिथे जुळला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांनी स्वामिनी बचत गट करून कांदळवनाची सफर सुरू केली. होडी वल्हवणारीही बाई आणि माहिती सांगणारीही बाई. अर्थात हे सगळ्यांच्या पोटाचं उत्तर नाही. पाहुणे चार महिने येतात, होड्या थोड्या लागतात, आणि ज्याच्याकडे होडी नाही त्याला काय मिळणार? पण राखण करणाऱ्याला राखणीतून दोन पैसे मिळाले की तो पहारेकरी होतो, हे त्यातून कळतं.

आता आमच्या पाण्यावर आलेला नवा विषय. नाथसागरावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प करण्यासाठी टीएचडीसी या सरकारी कंपनीनं निविदा काढली. २०१७ साली अभयारण्याभोवतीचा पट्टा पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. त्याचा आधार घेऊन कहार समाज पंचायत समितीनं राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादानं सप्टेंबर २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये ती मान्य केली नाही. अशा क्षेत्रांच्या अधिसूचनेत सौरऊर्जेसारख्या अपारंपरिक ऊर्जेला प्रोत्साहनच दिलेलं असतं.

कोर्टाच्या निकालावर आम्ही बोट ठेवत नाही. सूर्याची वीज चांगलीच, कोळशापेक्षा चांगली. आमचा प्रश्न साधा आहे. पाण्यावर पत्रे पसरले की त्याखालचं पाणी झाकलं जातं, तिथे जाळं टाकता येत नाही, तराफा नेता येत नाही, बदकं उतरत नाहीत. मग किती पाणी झाकणार, कुठलं झाकणार, माशाच्या अंडी घालायच्या जागा सोडणार का, काठावरून आत जायची वाट ठेवणार का आणि ज्यांची जागा जाईल त्यांना काय देणार? बीज सोडणाऱ्याला आणि पाखरू ओळखणाऱ्याला विचारून ही जागा ठरवता येते. बारीक जाळं लावणाऱ्याला एक न्याय आणि मोठ्या प्रकल्पाला दुसरा न्याय असं लोकांना वाटलं, तर उद्या कुठल्याच नियमाचा मान राहणार नाही. आणि मग तोटा पाखरांचाच जास्त होईल.

तर मैत्रिणींनो, करायचं काय? आम्ही आपापसात बसून चार गोष्टी ठरवल्यात. त्या तुम्हालाही सांगतो, कारण मुळा, भंडारदरा, उजनी, कुठल्याही काठाला त्या लागू आहेत.

पहिली गोष्ट बाजाराची. बोटभर कटला आणि रोहू आम्ही विकत घेणार नाही, विकायला बसणार नाही. झिंगे आणि मुळातच लहान राहणारे मासे वेगळे, ते खुशाल खावेत. त्यात काट्यासकट खाल्लं की हाडांना बळही मिळतं. पण मोठा होणारा मासा लहानपणी पाटीत आला तर घेणारीनंच नाही म्हणायचं. कासव तर विकणंही गुन्हा आहे. परदेशी मांगुराच्या पालनाला बंदी आहे, तो धरणात सुटला तर आपले मासे खाऊन टाकतो. बाजारात कुणी आणला तर तिथेच बोलायचं.

दुसरी गोष्ट जाळ्यांची. फाटकी नायलॉनची जाळी पाण्यात टाकायची नाहीत. गावात एक जागा ठरवायची, तिथे जमा करायची आणि ग्रामपंचायतीनं ती भंगारात द्यायची. या कामाला पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी रोज पाठपुरावा करायला हवा. ते आपल्या बायकांना जमतं.

तिसरी गोष्ट कागदांची. मासळी स्वच्छ करणारी, जाळं विणणारी, विकणारी, हिशेब ठेवणारी बाई असते. पण मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचं सभासदपत्र बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं. तो गेला की तिचं नाव कुठेच उरत नाही. म्हणून संस्थेत सभासद म्हणून नाव लावून घ्या. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. मच्छीमारांनाही आता किसान क्रेडिट कार्ड मिळतं, म्हणजे व्यापाऱ्याची उचल हा एकच रस्ता उरत नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत साधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान, तर महिलांना ६० टक्के. त्याच योजनेत मासेमारी बंद ठेवायच्या काळासाठी आधाराची सोय आहे. गरीब मच्छीमार कुटुंबानं वर्षभरात १५०० रुपये साठवायचे, त्यात सरकार ३००० घालतं, आणि ४५०० रुपये तीन महिन्यांत मिळतात. महिन्याला १५०० म्हणजे काही मोठी रक्कम नाही, पाच माणसांच्या घराला तेवढ्यात तेल-मीठही भागत नाही. ती वाढायला हवी. पण जी आहे ती तरी आपल्यापर्यंत यायला हवी. यंदा कुठल्या योजना चालू आहेत ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. एकटीनं जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच ऐकायला राहून जाते. वन्यजीव कायद्यात अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमायची तरतूद आहे. त्यात वरिष्ठ वनाधिकारी, त्या भागातले आमदार, संस्थांचे प्रतिनिधी, वन्यजीवांचे जाणकार असतात, आणि पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधीही असतात. अभयारण्याचं व्यवस्थापन आणि काठच्या लोकांचा सहभाग, यावर या समितीनं सल्ला द्यायचा असतो. आता बघा, आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मग या तीन प्रतिनिधींत एक तरी जागा पाण्यावर पोट असलेल्या घरातल्या बाईला का मिळू नये? काठावरच्या ग्रामसभांनी तसा ठराव करावा, एकाच महिन्यात आणि एकाच मजकुराचा. प्रवरासंगमपासून ताजनापूरपर्यंत प्रत्येक गावानं. एका गावाचा कागद टेबलावर पडून राहतो, वीस गावांचे कागद वाचावे लागतात.

त्या समितीत आमची बाई बसली तर ती काय मागेल, तेही सांगतो. पावसाळ्यात अंडी घालायच्या जागा बंद ठेवा, आम्ही राखू, पण त्या महिन्यांचा आधार आधी द्या. जाळ्याचा आस ठरवा, पण जुनं जाळं बदलून नवं घ्यायला मदत करा. समुद्रावर कासव सोडणाऱ्याला मिळते तशी भरपाई, जाळ्यात अडकलेलं पाखरू सोडवणाऱ्या धरणावरच्या मच्छीमारालाही द्या. पाखरं मोजायला येता तेव्हा आमच्या माणसांना होडीवर घ्या, त्यांची मजुरी द्या आणि त्यांचं ऐका. बीज सोडताना जिरे नको, बोटुकली सोडा, आणि ती किती सोडली ते गावासमोर मोजा. आणि दुष्काळात पाणी वाटताना मासा आणि पाखरू यांचाही एक रकाना ठेवा.

यात पाखरांच्या विरुद्ध काही आहे का? आम्हाला तरी दिसत नाही. आमच्या मुलींना शाळेच्या सहलीत दाखवायला रोहित पक्षी हवेत आणि संध्याकाळी घरात शिजायला मासाही हवा. नाथसागरात दोन्हींना जागा आहे. धरण बांधलं तेव्हा शेतीचा विचार झाला, अभयारण्य केलं तेव्हा पाखरांचा झाला, सौर प्रकल्प येतोय तेव्हा विजेचा होतोय. पाण्यावरच्या माणसाचा विचार प्रत्येक वेळी नंतर झाला. तो एकदा आधी होऊन बघावा. पाणी राखायला सगळ्यात जवळचा पहारेकरी तोच आहे. दर पहाटे तो तिथे असतो, बाकीचे सगळे सकाळी दहानंतर कार्यालयात येतात.

या महिन्यात तुमच्या गावची ग्रामसभा कधी आहे ते विचारून ठेवा. सभेला जा, मागे उभ्या राहू नका, पुढे बसा. ठरावाचा मजकूर आम्ही लिहून ठेवला आहे, हवा असेल तर आमच्याकडून घेऊन जा.